पाचव्या लॅपला मागचा टायर सटकतो : नवा टायर घेण्याआधी काय काय तपासायचं

पहिले चार लॅप, म्हणजे रेस ट्रॅकच्या चार फेऱ्या, बाइक रुळावर चालल्यासारखी जाते. पाचव्याला वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर थोडा उघडला की मागचं चाक वीतभर बाहेर सरकतं, सीटखाली कुणी तेल सांडलंय असं वाटतं आणि छातीत धस्स होतं. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबतात तिथे, येऊन वीस मिनिटं थांबलं की पुन्हा चार लॅप बरे, पुन्हा पाचव्याला तेच.

हा त्रास मी सलग तीन ट्रॅक डे (फी भरून आपली गाडी ट्रॅकवर चालवायचे दिवस) काढला. दर वेळी दोष टायरला दिला आणि दर वेळी दुसरा टायर विकत घेतला. आता आमच्या भागातली हिंगणघाट, वणी, पांढरकवड्याकडची पोरं ट्रॅकवर जायला लागलीत आणि जो तो पहिला प्रश्न हाच विचारतो : "दादा, मागचा सटकते. कोणता टायर घेऊ?" म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतो.

माझी गाडी पल्सर एनएस 200. पुढचा टायर 100/80-17, मागचा 130/70-17. शेत, बाजार, तालुका, सगळीकडे हीच गाडी फिरते, आणि वर्षातून दोनदा पाच जण मिळून पिकअपमध्ये गाड्या बांधून कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेला जातो. आमच्याकडून अंतर साधारण चौदाशे किलोमीटर. तिथला ट्रॅक जेमतेम 2.1 किलोमीटरचा, वळणामागून वळण, टायरला थंड व्हायला लांब सरळ पट्टा मिळत नाही. कापूस विकून आलेल्या पैशातून डिझेल, ट्रॅकची फी, राहणं-खाणं भागवून माणूस तिथे पोहोचतो. पाचव्या लॅपला गाडी उभी करावी लागली की जीव तुटतो.

आधी हवा बघा

माझ्या बाबतीत निम्म्याहून जास्त दोष हवेचा होता आणि तो शोधायला मला दीड वर्ष लागलं. निघण्याच्या आदल्या दिवशी मी नेहमी गावच्या फाट्यावर, निंबाखालच्या पंक्चरच्या दुकानात हवा भरायचो. उन्हाळ्याची दुपार, पारा 44 वर, आणि आठ किलोमीटर चालवत आणलेली गाडी. दुकानदार भला माणूस. "हायवेचं काम हाय ना, टाइट मारून देतो," म्हणायचा आणि काटा 32 वर नेऊन दाखवायचा. मॅन्युअलमध्ये एकट्याने चालवायला पुढे 25, मागे 28 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, बोलताना आपण पॉइंट म्हणतो) लिहिलंय. म्हणजे आपली हवा चार पॉइंट जास्तच आहे, कमी पडायचा प्रश्नच नाही, असं मी धरून चाललो होतो.

त्यात दोन घोळ होते. तापलेल्या टायरात मोजलेली हवा थंड टायरात तेवढी राहत नाही. आतली हवा 55 अंशांना असताना 32 भरली, तर कोइम्बतूरला सकाळी साडेसहाला 24 अंशांत तीच हवा साडेसत्तावीसच्या आसपास भरते. एवढ्याने बिघडलं नसतं. दुसरा घोळ दुकानाच्या मीटरचा. तिथला काटा पाच पॉइंट जास्त दाखवत होता. म्हणजे दुपारी खरी हवा 27 होती आणि सकाळी पहिल्या सेशनला, म्हणजे ट्रॅकवरच्या पहिल्या खेपेला, टायरात उरायची 23. टणक हवा भरलीय या समजुतीत मी बसक्या टायरवर ट्रॅकवर उतरत होतो.

हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते. तार सारखी वाकवली की जशी तापते, तसंच इथे होतं. रबर ठरलेल्या तापमानाच्या वर गेलं की चिकटणं सोडतं आणि लोण्यासारखं सरकतं. चार लॅपपर्यंत टायर तापत असतो, पाचव्याला मर्यादा ओलांडतो. वीस मिनिटांत थोडा निवतो, म्हणून पुन्हा चार लॅप बरे जातात. हे समजलं तेव्हा सगळं कोडं सुटलं.

हे तुम्हाला घरबसल्या शोधता येईल, फक्त स्वतःचा प्रेशर गेज हवा. सात-आठशे रुपयांचा डायलवाला चांगला मिळतो. घेतल्यावर तालुक्याच्या गावी एखाद्या कारच्या वर्कशॉपमध्ये जाऊन त्यांच्या गेजशी आणि शक्य झालं तर आणखी एकाशी पडताळून बघा. एकदा पडताळला की तोच एक वापरायचा, घरी आणि ट्रॅकवरही.

मग सेशनआधी, टायर सावलीत पूर्ण थंड असताना, मॅन्युअलच्या आकड्यावर हवा लावा. सेशन संपवून पिटमध्ये आल्या आल्या, हेल्मेट काढण्याआधी, मागची हवा मोजा. दोन मिनिटं उशीर झाला तरी आकडा उतरायला लागतो. थंड आणि गरम यांच्यातला फरक सगळं सांगतो. ट्रॅकवर साधारण पाचव्या हिश्श्याएवढी वाढ ठीक. 28 वरून 33, 34 झाली तर टायर बरोबर काम करतोय. 23 वरून 30, म्हणजे सात पॉइंटांची उडी दिसली, तर सुरुवातीची हवा कमी होती. पुढच्या सेशनला थंड हवा दोन पॉइंट वाढवा. उलट दोन-तीनच पॉइंट वाढली तर एक तर हवा जास्त आहे, टायर जमिनीला पुरता टेकतच नाही, किंवा अजून तुमचा वेग तेवढा नाही. अशा वेळी एक-एक पॉइंट कमी करून बघा, एकदम पाच नको.

गरम टायरमधून हवा सोडून "बरोबर" करायची घाई करू नका. मी ती केलीय. दुपारच्या सेशनपर्यंत टायर निवला आणि हवा आणखी खाली गेली.

रबरही बोलतं. गाडी स्टँडवर लावा, चाक हाताने हळू फिरवा, कडेच्या चार बोटं रुंद पट्टीकडे जवळून बघा. बरोबर चाललेल्या टायरवर बारीक रव्यासारखी खरखर दिसते, सगळीकडे सारखी. जास्त तापलेल्यावर निळसर झाक येते आणि रबर ओघळून कडेला गुंडाळी झालेलं दिसतं, कणीक मळताना परातीच्या काठाला चिकटते तसं. माझ्या दुसऱ्या टायरचा मोबाइलवर काढलेला फोटो आजही माझ्याकडे आहे. निळी झाक त्यात स्पष्ट दिसते, फक्त तेव्हा तिचा अर्थ मला कळत नव्हता.

टायरचा आकार : आपल्या सरळ रस्त्यांचा प्रश्न

हवा बरोबर असूनही गाडी झुकवताना मध्येच एक पायरी उतरल्यासारखं वाटत असेल, तर टायर मधून सपाट झालाय. आपल्याकडे हा रोग हमखास. जाम ते पांढरकवडा चव्वेचाळीस नंबरचा हायवे सुतासारखा सरळ, उन्हाळ्यात डांबर तव्यासारखं, आणि आपण तासन् तास सरळच चालवतो. मधली पट्टी झिजून सपाट होते, कडा कोऱ्या राहतात. मागून बघितला तर गोल दिसायला हवा तो टायर खोक्यासारखा दिसतो. गाडी झुकवली की सपाट भागाच्या काठावरून चाक खाली पडतं, जमिनीला टेकलेली जागा एकदम बदलते आणि तेवढ्या क्षणात पकड सुटते.

नक्षी किती खोल उरलीय यावर जाऊ नका. खोबणी तीन मिलिमीटर असली तरी आकार गेलेला असू शकतो. एक फुटपट्टी घ्या, टायरच्या मध्यावर आडवी टेकवा. नव्या टायरला ती मधल्या एका रेषेत टेकते. दोन बोटांच्या रुंदीवर सपाट बसली तर तो टायर ट्रॅकसाठी संपला. घरी बाजाराला अजून वर्षभर चालेल.

त्यावर उपाय साधा आणि माझ्या मते सगळ्यात पैसे वाचवणारा आहे : ट्रॅकची जोडी वेगळी आणि घरची वेगळी. जुने टायर फेकू नका, तेच रोज चालवा. ट्रॅकची जोडी निघायच्या आठवड्यात चढवा, आल्यावर उतरवा. पंक्चरवाला दर वेळी थोडे पैसे घेईल, पण नवा टायर हायवेवर घासून संपवण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त. आणखी थोडे पैसे असतील तर जुन्या बाजारातून त्याच मॉडेलची दोन अलॉय व्हील्स घ्या, म्हणजे टायर काढ-घाल न करता अख्खं चाकच बदलता येईल. फक्त रिम फिरवून बघा. आपल्या खड्ड्यांनी वाकलेलं रिम वरून ठोकून सरळ केलेलं असतं, आणि ते ट्रॅकवर शंभरच्या पुढे हँडलला थरथर देतं. थरथर असेल तर कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) सैल आहे का तेही तपासून घ्या. टायर बदलून तो दोष जाणार नाही.

मी केलेल्या चुकीच्या खरेद्या

पहिली चूक रुंदीची. दुकानदार म्हणाला, 140 चा बसवा, पकड वाढेल. बसला, दिसायलाही दणकट. पण आमच्या रिमसाठी तो रुंद होता. रिमची रुंदी इंचात रिमवरच कोरलेली असते. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की दोन्ही बाजूंनी चिमटला जातो आणि मधून टोकदार होतो. सरळ चालताना जमिनीला कमी टेकतो, झुकवताना गाडी झपकन पडते, आणि कडेचा जो भाग वळणात लागायला हवा तो कधी लागतच नाही. कंपनीने दिलेलं माप हे बऱ्याच विचाराने दिलेलं असतं. त्याच मापात राहा.

दुसरी चूक जुन्या रेसच्या टायरची. एका रायडरने वापरून काढलेला मऊ रबराचा टायर दीड हजारात मिळाला. वर नक्षी जवळपास नाहीच, बोटाने दाबला तर मऊ लागायचा. मला वाटलं, लॉटरी लागली. असे टायर वॉर्मरमध्ये (टायरभोवती गुंडाळायची, विजेवर तापणारी चादर) तापवून मग चालवायचे असतात आणि प्रत्येक वेळी तापून-निवून त्यांचं रबर कडक होत जातं. किती वेळा तापून निवलाय ते बाहेरून बघून कुणालाच सांगता येत नाही. माझ्याकडे वॉर्मर नव्हते, पहिल्याच लॅपच्या दुसऱ्या वळणात गाडी आडवी झाली. खांदा महिनाभर दुखला. नवशिक्याने वापरलेला रेस टायर घेऊ नये हे मी हात जोडून सांगतो. ज्यांच्याकडे वॉर्मर, जनरेटर आणि हे सगळं समजणारा सोबती आहे त्यांच्यासाठी ते टायर असतात.

तिसरी चूक म्हणजे फक्त मागचा बदलणं. मागचा नवा मऊ आणि पुढचा चार वर्षांचा कडक, अशी जोडी धोक्याची. मागचा सरकला तर बरेचदा सावरता येतो. पुढचा सरकला की सावरायला वेळच मिळत नाही, थेट जमीन. पैसे एकाच टायरचे असतील तर थांबा, पुढच्या ट्रॅक डेपर्यंत साठवा आणि जोडीच घ्या. एक रेडियल आणि एक साधा (फरक पुढे सांगतो) अशी खिचडी तर अजिबात करू नका.

मग घ्यायचा कोणता

आपल्या कामाचा टायर म्हणजे रस्त्यावर चालणारा, स्पोर्ट प्रकारचा, शक्यतो रेडियल आणि ताजा. एमआरएफच्या रेव्झ, टीव्हीएस युरोग्रिपच्या प्रोटॉर्क, अपोलोच्या अल्फा या मालिका बघा. मिशेलिनचा पायलट स्ट्रीट रेडियलही याच रांगेतला. पिरेली आणि मेट्झेलर याच्या वरच्या पायरीवर, आणि किमतीतही बरेच वर. आपण एका दिवसात पाच-सहा सेशन चालवणार, वेळ मोजणार नाही, तर त्यांच्या जादा पकडीपर्यंत आपण पोहोचतच नाही. ते पैसे आणखी एका ट्रॅक डेला द्या. जास्त शिकाल.

दुकानात गेल्यावर दुकानदार सगळ्यात आधी सांगतो, "हा घ्या, चाळीस हजार किलोमीटर जातो." तो आपल्या भल्याचंच सांगतो, कारण रोजच्या गिऱ्हाइकाला तेच हवं असतं. पण ट्रॅकसाठी हिशेब उलटा. जो टायर एवढा टिकतो त्याचं रबर कडक असतं. तो तापून चिकटतच नाही. म्हणून विचारायचं ते हे की यातला कमी टिकणारा, स्पोर्टचा कोणता.

रेडियल का, तर त्यात दोऱ्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि वरून पट्टा असतो. साध्या टायरात दोऱ्या तिरप्या, एकमेकींवर चढलेल्या असतात. वाकताना त्या एकमेकींवर घासतात आणि जास्त तापतात. टायरच्या बाजूला 130/70 R17 असा R असेल तर रेडियल. R च्या जागी आडवी रेघ असेल तर साधा. पुढे 61P, 62S असं काहीतरी असतं. 61 म्हणजे त्या टायरला 257 किलोपर्यंत भार चालतो. अक्षर वेगाचं : P ला ताशी 150, S ला 180, H ला 210 किलोमीटर. दोनशे सीसीला S पुरेसं आहे. अक्षर वरचं म्हणून पकड जास्त, असं मात्र नसतं.

ताजेपणा चार आकड्यांत लिहिलेला असतो. लंबगोल चौकटीत 3225 दिसलं तर तो 2025 सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलाय. आपल्याकडे छोट्या गावच्या दुकानात स्पोर्ट टायर फारसे खपत नाहीत, त्यामुळे दोन-तीन वर्षं पत्र्याखाली तापत पडलेला टायर "नवा" म्हणून मिळू शकतो. मी दोन वर्षांच्या आतलाच घेतो आणि नसेल तर नागपूरला जाऊन आणतो. आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानदाराला राग आला तर येऊ द्या.

शर्यतीत उतरायचा विचार असेल तर थोडं थांबा. एफएमएससीआयचं (देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना) लायसन्स, गटाचे नियम हे सगळं आधी वाचा. अनेक गटांत कोणता टायर लावायचा हे आयोजकच ठरवतात, आणि आपण घेतलेली जोडी तिथे चालणारच नाही.

बारीकसारीक कारणं, पण पाडणारी

ट्रॅकला न्यायच्या आधी गाडी वॉशिंग सेंटरवर धुवायला नेली तर टायरला पॉलिश मारू देऊ नका. ते चकाकणारं तेलकट पॉलिश बाजूवरून नक्षीवर ओघळतं. नव्या टायरवरही कारखान्यातल्या साच्यातून आलेला गुळगुळीत थर असतो. पहिले शंभर किलोमीटर बेताने, हळूहळू थोडं जास्त झुकवत चालवा, मगच ट्रॅकवर आणा.

पहिल्याच दोन लॅपमध्ये सटकत असेल आणि नंतर बरं होत असेल, तर ते थंड टायरचं लक्षण. पहिले दोन लॅप रोजच्या रस्त्यासारखे चालवा, एवढाच उपाय.

बाभळीचा काटा आपल्याला चुकत नाही. धुऱ्यावरून एकदा गेलं की पंक्चर. स्ट्रिप घालून दुरुस्त केलेला टायर घरी खुशाल चालवा, ट्रॅकवर नको. वेगळी जोडी ठेवण्याचं हेही एक कारण.

आणि ती जोडी ठेवायची कुठे? आमच्याकडे सगळं सामान गोठ्याजवळच्या पत्र्याच्या खोलीत जातं, तिथेच डिझेल आणि फवारणीची औषधं. डिझेल आणि औषधातलं द्रावक रबर फुगवून सडवतं. वेल्डिंगच्या दुकानातही टायर ठेवू नका, ठिणगीच्या वेळी तयार होणाऱ्या ओझोनने रबराला बारीक भेगा पडतात. माझी जोडी घरात, आतल्या खोलीत, पोत्यात गुंडाळून उभी असते. आईने आधी कटकट केली, आता ती स्वतःच वर धूळ बसू देत नाही.

सगळं बरोबर असूनही सटकत असेल तर

तर उजव्या मनगटाकडे बघा. मीही हवा आणि टायर दुरुस्त केल्यावर एका सेशनला पुन्हा सटकलो. मागे येणाऱ्या इन्स्ट्रक्टरने पिटमध्ये सांगितलं की मी गाडी सर्वात जास्त झुकलेली असतानाच ॲक्सिलरेटर उघडतो आणि तेही झटक्याने. झुकलेल्या टायरची सगळी पकड वळण्यातच खर्च झालेली असते, जोर लावायला उरत नाही. गाडी उभी होत जाईल तसतसा, गायीच्या सडातून दूध काढावं तशा सारख्या दाबाने ॲक्सिलरेटर उघडायचा. हे मी घरी, शेताच्या मोकळ्या कच्च्या रस्त्यावर वीसच्या वेगात महिनाभर गिरवलं.

मागच्या फेरीला वहीत लिहिलेलं तसंच देतो. देशी रेडियल जोडी, माप कंपनीचंच, चार महिन्यांची. सकाळी 7, सावलीत, मागे थंड 28, पुढे 25. अकरा लॅप. पिटमध्ये लगेच मोजली : मागे 33, पुढे 29. कडेचं रबर बारीक खरखरीत, निळं कुठेही नाही. पाचव्या लॅपला उजव्या वळणातून गाडी न सटकता बाहेर पडली.